अडकलेलं बूच आणि कोरडा नळ: खाडीकाठच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेचं हे प्रकरण. शाळा नमुन्यादाखल घेतली आहे. किनारपट्टीवरच्या प्रयोगशाळांत ज्या उणिवा एकमेकींच्या सोबतीने आढळतात, त्या एका दिवसात आणून मांडल्या आहेत. रसायनं, मात्रा आणि उपाय मात्र जसेच्या तसे वापरण्याजोगे आहेत.

जूनचा तिसरा आठवडा. शाळा उघडून चारच दिवस झालेले, रात्रीपासून पाऊस, पहाटे गेलेली वीज परत आलेली नाही. मधल्या सुट्टीनंतर नववीला आम्ल, आम्लारी आणि दर्शक दाखवायचे म्हणून सरांनी दहावीतल्या दोन मुलांना सामान मांडायला सांगितलं आणि ते खाली हजेरीपट आणायला गेले. कपाटातून निघालेली सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, १० टक्के द्रावणाची बाटली एप्रिलपासून बंद होती. काचेचं बूच हलेना. एकाने डस्टरच्या लाकडाने ठोकून पाहिलं, मग स्पिरिटचा दिवा पेटवून बाटलीची मान तापवली आणि फडक्याने बूच पिळलं. बूच झटक्यात सुटलं, सोबत द्रावणाचे शिंतोडे उडाले. समोर ट्रे धरून उभ्या असलेल्या मुलाच्या उजव्या डोळ्यात ते गेले.

बूच तापवण्याची ही युक्ती मुलांनी स्वतः शोधलेली नाही. ती अनेक प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि मुलं ती पाहूनच शिकतात.

पहिली वीस मिनिटं

मुलगा नळाकडे धावला ते बरोबरच होतं. नळाला करंगळीएवढी धार आली, ती काही क्षणांत तुटली आणि नळ फुसफुसू लागला. आवाज ऐकून सर वर आले तोवर मिनिटभर गेलं होतं. खालून शिक्षकखोलीतून कोणीतरी लिंबू आणलं, दुसऱ्याने कोकमाच्या आगळाची बाटली सुचवली. कारण सरळ होतं: आम्लारी पडलाय तर आम्ल घाला, उदासिनीकरण होईल. सरांनी ते थांबवलं, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच.

पुस्तकातलं उदासिनीकरण डोळ्यात का चालत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण चूक अज्ञानाने होत नाही, अर्धवट लागू केलेल्या ज्ञानाने होते. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उष्णता बाहेर पडते, आणि ती भाजलेल्या पेशींवरच पडते. किती आम्लारी आत गेला ते ठाऊक नसल्यामुळे किती आम्ल घालायचं तेही ठरवता येत नाही. जास्त झालं तर दुसरी इजा. शिवाय लिंबू कापून पिळेपर्यंत जी दोन-तीन मिनिटं जातात, त्यांत कॉस्टिक सोडा थांबलेला नसतो. आम्ल बहुधा पेशींतली प्रथिनं गोठवतं आणि त्या गोठलेल्या थरामुळे त्याची पुढची वाट थोडी अडते. कॉस्टिक सोडा पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत उतरत जातो. म्हणून डोळ्याच्या बाबतीत आम्लापेक्षा आम्लारीची भीती जास्त. पाणी त्याला विरल करतं, वाहून नेतं आणि उष्णताही घेऊन जातं. दूध, गुलाबपाणी, घरातले जुने डोळ्यांचे थेंब यांतलं काहीही पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

सरांनी मुलाला व्हरांड्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी नेलं. त्याला उजव्या कुशीवर बाकावर निजवलं, म्हणजे दुखरा डोळा खाली आला आणि धुतलेलं पाणी डाव्या डोळ्यात जाईना. एका शिक्षिकेने दोन बोटांनी पापण्या ताणून उघड्या धरल्या. हे काम दुसऱ्याच कोणीतरी करावं लागतं. वेदनेने डोळा आपोआप गच्च मिटतो आणि मिटल्या डोळ्यावर ओतलेलं पाणी गालावरून निघून जातं. तांब्याने नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूला, हळू आणि सलग धार धरली. मुलाला बुबुळ वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवायला सांगत राहिले, कारण द्रावण पापणीच्या आतल्या खोबणीत दडून बसतं. पिंप संपत आलं तेव्हा दोन मुलं शाळेच्या विहिरीवर कळश्या घेऊन गेली. विहिरीचं पाणी निर्जंतुक नसतं हे खरं. पण शुद्ध पाण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ते शंभरपटीने बरं.

आठव्या मिनिटाला मुलगा म्हणाला, “सर, आता बरं वाटतंय.” अशा वेळी बहुतेक जण थांबतात. थांबायचं नाही. वेदना कमी होणं म्हणजे द्रावण गेलं असं नव्हे. घड्याळ लावून किमान वीस मिनिटं धुवायचं, आणि वाहनात बसल्यावरही बाटलीने धार चालू ठेवायची.

दरम्यान मुख्याध्यापकांनी १०८ ला फोन केला, पालकांना कळवलं आणि चिठ्ठी लिहून सोबत दिली: सोडियम हायड्रॉक्साइड, १० टक्के, उजवा डोळा, किती वाजता उडालं, किती वेळ धुतलं, कोणत्या पाण्याने. ही चिठ्ठी फार उपयोगी पडते. नुसतं “ॲसिड उडालं” असं सांगितलं की दवाखान्यात उलटीच समजूत होते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सलाइनने पुन्हा धुणं चालू झालं. पापणीच्या आत सामूदर्शक पट्टी लावून सामू सातच्या आसपास येऊन टिकतो का ते पाहिलं गेलं, आणि मग जिल्हा रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर सोलवटला होता, कडेच्या रक्तवाहिन्या शाबूत होत्या. अशी इजा उपचाराने भरून येते. पाण्याला आणखी पाच-सात मिनिटं उशीर झाला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं.

बूच का अडकलं

काच मुख्यतः सिलिका. सोडियम हायड्रॉक्साइड सिलिकावर हळूहळू काम करतं आणि सोडियम सिलिकेट तयार होतं, ज्याचा गुण चिकटवण्याचा. गुळगुळीत काचेवर हे सावकाश चालतं, पण बूच आणि मान जिथे एकमेकांत बसतात तो भाग मुद्दाम घासून खरखरीत केलेला असतो. खरखरीत पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून तिथे क्रिया जोरात. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन सोडियम कार्बोनेटचे स्फटिक त्याच फटीत बसतात. दीड-दोन महिन्यांत बूच आणि मान जवळजवळ एकजीव होतात. मान तापवली की काच प्रसरण पावून बूच सैल होतं हे खरं, पण त्याच वेळी आत कोंडलेली हवाही तापते, पाण्याची वाफ वाढते आणि दाब चढतो. बूच सुटताना फटीत अडकलेलं द्रावण तोच दाब बाहेर फेकतो. तोंड नेमकं वरच असतं.

मुळात हे द्रावण काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवायलाच नको होतं. जाड प्लॅस्टिकची, आट्याच्या झाकणाची बाटली किंवा काचेच्या बाटलीला रबरी बूच, एवढाच बदल पुरेसा आहे. आणि १० टक्केच का? दर्शकांचे रंग दाखवायला ०.१ मोलर द्रावण भरपूर झालं. त्यासाठी लिटरभर पाण्यात फक्त ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. १० टक्के म्हणजे लिटरला १०० ग्रॅम, पंचवीसपट तीव्र. शाळांत एकच तीव्र बाटली भरून सगळ्या प्रयोगांना वापरायची सवय आहे, कारण पुन्हापुन्हा तोलायचा कंटाळा येतो. साबण करण्याच्या प्रयोगासारख्या जिथे खरंच तीव्र द्रावण लागतं, तिथे ते शिक्षकांनी त्याच दिवशी करावं, स्वतःच हाताळावं आणि उरलं तर ठेवू नये.

०.१ मोलर द्रावण करताना प्लॅस्टिकच्या चंचुपात्रात आधी थंड पाणी घ्यावं, मग गोळ्या थोड्याथोड्या टाकून काचेच्या दांडीने ढवळावं. उलटं, म्हणजे गोळ्यांवर पाणी, कधीही नाही: उष्णता एका जागी साठून द्रावण उसळतं. गोळ्या हाताने उचलू नयेत, घामानेही त्या चिकटून भाजतात. पावसाळ्यात तोलतानाच त्या हवेतली ओल ओढून ओल्या होतात. दर्शकाच्या प्रयोगाला त्या फरकाने काही बिघडत नाही, तेव्हा अचूक वजनाच्या नादात डबा उघडा ठेवू नये.

अडकलेलं बूच काढायचंच असेल तर ते काम मोठ्या माणसाचं, वर्ग नसताना करायचं. शिंतोड्यांपासून बचाव करणारा, कडांनी चेहऱ्याला बसणारा चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घालावेत. नेहमीचा नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो, तो यात धरू नये. बाटली प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून कोमट पाण्यात पिळलेलं फडकं फक्त मानेभोवती दोन-तीन मिनिटं गुंडाळावं, लाकडी मुठीने बुचाला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी हलकेच टकटक करावी आणि तोंड आपल्यापासून वळवून, दुसरं फडकं वरून झाकून पिळावं. दोन प्रयत्नांत निघालं नाही तर सोडून द्यावं. आत पंचवीस-तीस ग्रॅमचं रसायन आहे, त्यापायी डोळा पणाला लावायचा नाही. नायट्रिक आम्ल, अमोनिया, ईथर यांच्या बाटल्यांना कोमट फडकंसुद्धा लावू नये, त्यांची वाफ फार लवकर दाब धरते.

या बाटलीत उरलेल्या पाव लिटर द्रावणाचं काय करायचं? इथे मात्र उदासिनीकरण योग्य. प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाणी घेऊन द्रावण हळूहळू त्यात ओतावं, मग २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल थोडंथोडं घालत लिटमसने पाहावं. साधारण ३०० मिलिलिटर लागेल. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नये, कॉस्टिक सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. प्रयोगशाळेचं सांडपाणी उघड्या गटारातून पऱ्यात आणि तिथून खाडीत जातं, म्हणून तसंच ओतून मोकळं होणं बरोबर नाही.

पाणी का नव्हतं

छतावर एक हजार लिटरची टाकी. विहिरीवरची मोटर रोज सकाळी ती भरते. त्या दिवशी वीज नसल्याने टाकी भरली नाही, आणि आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी सकाळच्या स्वच्छतागृहाच्या वापरात गेलं. प्रयोगशाळेचा नळ त्याच वाहिनीवर, शिवाय वरच्या मजल्यावर, म्हणजे टाकीच्या सर्वांत जवळच्या उंचीवर. पाण्याचा दाब पहिल्यांदा तिथेच तुटतो. सगळ्यांत आधी कोरडा होणारा नळ प्रयोगशाळेचा, हे नळजोडणी करताना कोणाच्या मनातही आलेलं नसतं.

कोकणात पहिल्या पावसात वीज जाणं हे नेहमीचंच आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडाकडच्या अनेक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एवढं टोकाचं सोडलं तरी जून-जुलैत दिवसभर मोटर न चालणं गृहीत धरूनच पाण्याची सोय करायला हवी. वीज असेल तरच चालणारी सुरक्षा इथे उपयोगाची नाही.

उपाय स्वस्त आहे. स्वच्छतागृहाची वाहिनी टाकीच्या तळाऐवजी तळापासून फूटभर वर जोडायची आणि प्रयोगशाळेची वाहिनी तळाशीच ठेवायची. बाकीचे नळ बंद पडले तरी प्रयोगशाळेसाठी दोनशे लिटरच्या वर पाणी राखून राहतं. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम.

त्याशिवाय वीज आणि टाकी दोन्हींवर अवलंबून नसलेली डोळे धुण्याची सोय प्रयोगशाळेतच हवी. अमेरिकी मानकानुसार डोळे धुण्याच्या उपकरणातून मिनिटाला किमान दीड लिटर पाणी सलग पंधरा मिनिटं मिळायला हवं आणि तिथवर दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे. म्हणजे साडेबावीस लिटर. एक वीस लिटरचा जार पुरत नाही, दोन लागतात. तोटीचे दोन जार मुलांच्या खांद्याच्या उंचीच्या पक्क्या कट्ट्यावर ठेवावेत, तोटीला हातभर मऊ नळी लावावी, खाली बादली. धार पुरेशी आहे का ते तपासणं सोपं: लिटरची बाटली चाळीस सेकंदांत भरली पाहिजे. ही चाचणी जार पाऊण रिकामा असताना घ्यावी, कारण पाणी खाली गेलं की धार बारीक होते. पाणी दर सोमवारी बदलावं. आठवड्याहून जास्त ठेवलं तर आत शेवाळ धरतं, आणि झाकण सैल असेल तर डास होतात. कट्ट्यासमोर बाकं, छत्र्या, गुंडाळलेले नकाशे ठेवू देऊ नयेत. झोंबणारा डोळा मिटून मुलगा आंधळेपणाने तिथवर येणार असतो.

कपाटात आणखी काय निघालं

अपघातानंतर शाळेने सगळं कपाट बाहेर काढलं. अडकलेलं बूच हे सुट्टीत झालेल्या अनेक बदलांपैकी एक होतं. मे ते जून बंद खोलीत ओल, उष्णता आणि खारी हवा एकत्र नांदतात, आणि रसायनं त्या काळात गप्प बसत नाहीत.

संहत गंधकाम्लाची पातळी बाटलीवर केलेल्या खुणेच्या वर आली होती. हे आम्ल हवेतली ओल ओढतं. बूच सैल असेल तर त्याचं आकारमान वाढत जातं आणि काठोकाठ भरलेली बाटली ओसंडूही शकते. म्हणून ती तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नये. कळीच्या चुन्याची बरणी तडकली होती: चुना ओलीने विरतो तेव्हा फुगतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया शेजारी ठेवल्यामुळे कपाटभर पांढरी भुकटी बसली होती. ती धूळ नव्हती, दोघांच्या वाफांतून झालेलं अमोनियम क्लोराइड होतं. आम्लाच्या त्याच वाफेने बिजागऱ्या, तराजूची पारडी आणि चिमटे गंजवले होते. आम्लं प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये खालच्या फळीवर, अमोनिया वेगळ्या कपाटात, नायट्रिक आम्ल स्पिरिटपासून आणि प्रत्येक ज्वलनशील वस्तूपासून दूर, अशी मांडणी हवी.

खालच्या फळीचा हा नियम चिपळूण-महाडसारख्या पूर येणाऱ्या गावांत तसाच लावता येत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात शिरलेलं पाणी तळमजल्यांच्या छतापर्यंत पोचलं होतं. तिथे प्रयोगशाळा वरच्या मजल्यावरच हवी. ते शक्य नसेल तर पाणी लागताच पेट घेणारं सोडियम आणि तीव्र आम्लं जूनपूर्वी वर हलवावीत.

सोडियमच्या बाटलीतलं केरोसीन उडून गेलं होतं आणि वरचा खडा उघडा पडून पिवळट-पांढऱ्या पापुद्र्याने झाकला होता. त्याच कपाटावर कौलांतून गळतीचा डाग होता. यापुढची कल्पना वेगळी सांगायला नको. सोडियम लिक्विड पॅराफिनखाली ठेवावं, ते केरोसीनसारखं उडत नाही, आणि शाळेत पाच-दहा ग्रॅमहून जास्त साठा बाळगू नये. पापुद्रा धरलेला खडा सुरीने कापू नये, बेसिनमध्ये टाकू नये. वरून लिक्विड पॅराफिन ओतून बाटली बंद करावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाशी बोलून त्यांच्या देखरेखीखाली त्याची विल्हेवाट लावावी.

तीन बाटल्यांची लेबलं कसरीने खाल्ली होती. आत रंगहीन द्रव. वास घेऊन, थेंब टाकून ते ओळखायचा मोह शिक्षकांनाही होतो. ओळखायचं नाही, “अज्ञात, वापरू नये” अशी चिठ्ठी बांधून बाजूला ठेवायचं. नवी लेबलं पेन्सिलीने लिहावीत, कारण शाई आम्लाच्या वाफेने फिकी पडते, ग्राफाइट पडत नाही. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी बाटलीभोवती पूर्ण वेढा देऊन लावावी, म्हणजे ओल आणि कसर दोन्ही आत शिरत नाहीत. नाव, तीव्रता, भरल्याची तारीख एवढं पुरे.

शाळेने काय बदललं

टाकीची जोडणी आणि दोन जार पंधरवड्यात झाले. वर्गात एकावेळी काम करणाऱ्या गटाला पुरतील इतके बारा चष्मे घेतले. सगळ्या वर्गाला एकदम पुरतील इतके नाहीत, म्हणून प्रयोग गटागटाने होतात, आणि ते बरंच आहे. मुलांनी सामान मांडायचं ते फक्त काचसामान. रसायनांचं कपाट शिक्षक किंवा प्रयोगशाळा परिचर उघडतात आणि किल्ली त्यांच्याकडेच राहते. स्पिरिटचा दिवा पेटता किंवा गरम असताना भरायचा नाही, हे भिंतीवर लिहिण्याऐवजी स्पिरिटचा कॅन वर्गाच्या वेळात कुलुपात ठेवायला सुरुवात केली. दिवसाच्या उजेडात स्पिरिटची ज्योत नीट दिसत नाही, म्हणून दिवा विझला असं समजून भरताना भडका उडतो.

सुट्टीचं वेळापत्रक सगळ्यांत शेवटी ठरलं, आणि त्यावर थोडा वादही झाला, कारण मे महिन्यात शाळेत यायला कोणी राजी नव्हतं. अखेर असं ठरलं: वार्षिक परीक्षा संपली की सगळी तयार द्रावणं निकाली काढायची, भरून ठेवायची नाहीत. बुचांच्या खरखरीत भागाला व्हॅसलीनचा पातळ थर द्यायचा किंवा बूच आणि मान यांच्यात कागदाची पट्टी घालून बाटल्या रिकाम्या ठेवायच्या. गंधकाम्लाच्या आणि सोडियमच्या बाटलीवर पातळीची खूण करायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात कौलं शाकारायला माणसं येतात, त्याच दिवशी परिचराने खोली उघडून दोन तास खिडक्या मोकळ्या ठेवायच्या, दोन्ही खुणा पाहायच्या आणि कपाटावरच्या छपराची गळती त्या माणसांना दाखवायची.